पडद्यावर बेळगाव दिसलं, फाइलीत का नाही?

निपाणीत सुट्टीच्या दिवसांत मी काही मुलांना पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शिकवतो. मागच्या खेपेला एका मुलीनं आपल्या भागातल्या गावांची नावं छापणारा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक ओळीत नाव आधी मराठीत, मग कन्नडमध्ये: बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, संकेश्वर. विंडोज टर्मिनलमध्ये कमांड प्रॉम्प्टवर सगळी नावं नीट उमटली. मग तिनं पुढं ‘>’ चिन्ह लावून तीच यादी फाइलीत सोडली, आणि पहिल्याच नावाला प्रोग्राम कोसळला. कोडमध्ये काहीच बदललं नव्हतं. "सर, आत्ता तर चालत होतं की!"

तिचा प्रश्न रास्त होता. उत्तर शोधायला प्रोग्रामच्या खाली, ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत उतरावं लागतं.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या घराण्यात प्रत्येक प्रोग्रामला जन्मतः तीन वाटा मिळतात. 0 म्हणजे आत येणारी माहिती, 1 म्हणजे बाहेर जाणारी, 2 म्हणजे चुकांचे निरोप. विंडोजमध्ये हे आकडे नाहीत, त्यांच्या जागी हँडल, म्हणजे सिस्टिमनं दिलेल्या खुणा असतात, पण वाटा त्याच तीन. तिसरी वाट वेगळी काढली तीही अनुभवातून: युनिक्स जिथं घडलं त्या बेल लॅब्समध्ये चुकांचे निरोप मजकुरात मिसळून थेट छपाईच्या यंत्रावर गेले होते.

वाट कुठं जाते हे प्रोग्रामला ठरवायचं नसतं. उसाला पाणी पाजताना आपण दारं धरतो. एका सरीचं दार बुजवून दुसरीचं फोडतो, पण वरच्या मोटरीला त्याचा पत्ता नसतो. ‘>’ हे चिन्ह असंच दार फोडतं. एका प्रोग्रामचं बाहेर पडणारं पाणी दुसऱ्याच्या तोंडाशी नेता यावं, असं बेल लॅब्समधल्याच डग मॅकिलरॉय यांनी 1964 मध्येच लिहून ठेवलं होतं. तेही बागेतल्या पाइपचीच उपमा देऊन. त्यांचे सहकारी केन थॉम्प्सन यांनी 1973 मध्ये ते युनिक्समध्ये उतरवलं.

या वाटांवरून अक्षरं जातच नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या दृष्टीनं तिथून फक्त बाइट जातात, म्हणजे 0 ते 255 मधले आकडे. अक्षर, ओळ, लिपी ही सगळी प्रोग्रामिंग भाषेनं वर चढवलेली मजल्यांची इमारत आहे.

पायथनमध्ये ते मजले स्पष्ट दिसतात. तळाला बाइट थेट सिस्टिमच्या हाती देणारी वस्तू, मधल्या मजल्यावर ते साठवणारा बफर, आणि वर अक्षरांचे बाइट करणारा थर. जावा भाषेत आत येणारी वाट, म्हणजे सिस्टिम डॉट इन, नुसते बाइट देते, अक्षरं हवी असतील तर वरचा थर आपणच चढवायचा. गो भाषेत मधला मजलाच नसतो. लिहिलं की लगेच बाहेर.

बफर समजायला आपल्याकडचं वडाप पाहावं. एसटी वेळेवर सुटते, वडाप भरल्याशिवाय हलत नाही. एकेक बाइट सिस्टिमकडे पाठवणं महाग पडतं, म्हणून भाषा बाइट गोळा करते आणि एकदम पाठवते. पडद्यावर लिहिताना बहुतेक वेळा ओळ संपली की गाडी सुटते. फाइलीकडे जाताना ती पूर्ण भरेपर्यंत थांबते. पायथनमध्ये अनेक वर्षं गाडीची क्षमता 8192 बाइट होती. मध्येच लाइट गेली तर गाडीत बसलेले बाइट फाइलीत पोचतच नाहीत. ‘फ्लश’ म्हणजे भरली नसली तरी सोड. सी भाषेत चुकांच्या वाटेला बफर नसतो, आणि ते योग्यच आहे. बुडत्या प्रोग्रामची हाक गाडी भरायची वाट पाहत बसली तर काय उपयोग?

तिचा प्रोग्राम मात्र सगळ्यात वरच्या मजल्यावर अडला होता. विंडोजवर पायथन 3.6 पासून पडद्यासाठी यूटीएफ-8 वापरतो, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं बाइटमध्ये मांडायची पद्धत. फाइलीकडे वळवलं की मात्र 3.14 पर्यंतचा पायथन त्या संगणकाची जुनी वर्णसारणी, म्हणजे कोणत्या अक्षराला कोणता आकडा याची यादी घेतो. तिच्या संगणकावर ती पश्चिम युरोपची होती. त्या सारणीत ‘ब’ला जागाच नाही, मग त्याचे बाइट करणार कसे? म्हणून तो तिथंच थांबला. त्याच्या थांबण्यावर माझा राग नाही. गुपचूप प्रश्नचिन्हं छापून पुढं गेला असता तर नुकसान कळलंही नसतं.

बाहेर जाणाऱ्या वाटेची पद्धत यूटीएफ-8 करायला प्रोग्रामच्या सुरुवातीला एक ओळ पुरली. यादी फाइलीत उतरली. मग आम्ही फाइल बाइट म्हणून उघडली. ‘बेळगाव’ या नावात मात्रा-काने धरून सहा चिन्हं, प्रत्येकाला तीन बाइट, एकूण 18. मराठी ‘ब’ निघाला 224, 164, 172. कन्नड ‘ब’ निघाला 224, 178, 172. मधला एकच आकडा वेगळा! भारतीय लिप्यांसाठी आपल्याकडे आधी जे मानक केलं होतं, त्यात सारख्या उच्चाराची अक्षरं सारख्याच जागी बसवली होती. जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडनं तीच मांडणी उचलली, आणि यूटीएफ-8 त्याच क्रमांकांचे बाइट करतं.

तिनं लगेच ‘ळ’ शोधायला घेतला. मराठी 224, 164, 179. कन्नड 224, 178, 179.