ऑइल प्रेशरच्या काट्याचे निदान (हलकी विमाने)

हलक्या विमानाच्या पिस्टन इंजिनाचे ऑइल प्रेशर कमी, जास्त किंवा अस्थिर दिसू लागले, की दोष इंजिनात आहे की गेजमध्ये (दाब दाखवणाऱ्या काट्याच्या मापकात) हे शोधण्याची पद्धत. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमुळे पुणेकरांना इंजिनाविना उडणारी विमाने जुन्या ओळखीची आहेत. हा प्रश्न मात्र बारामतीच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिक उडवतात तशा एका इंजिनाच्या विमानांचा.

पंप फक्त तेल ढकलतो. बेअरिंगच्या अरुंद फटींतून जाताना तेलाला अडथळा होतो, त्यातून दाब तयार होतो आणि जादा दाब रिलीफ व्हॉल्व्ह सोडून देतो. म्हणूनच तेल पातळ झाले, फटी रुंदावल्या, व्हॉल्व्ह नीट बसेना किंवा पंपाला तेलच पुरेना, तर काटा खाली येतो. सेस्ना १७२ च्या अनेक मॉडेलांवर गेजवरचा हिरवा पट्टा (नेहमीच्या दाबाची मर्यादा) ६० ते ९० पीएसआयचा (पौंड प्रति चौरस इंच) असतो आणि आयडलला, म्हणजे इंजिन सर्वांत कमी वेगाने फिरताना, किमान २५ लागतात. इंजिन सुरू केल्यावर ३० सेकंदांत काटा हलला नाही, तर ते लगेच बंद करायचे.

पुण्याची हवाही विचारात घ्यावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीकडे जातो. अशा दुपारी उतरल्यावर, टॅक्सी करताना (विमान जमिनीवरून चालवत नेताना) काटा हिरव्या पट्ट्याखाली पण २५ च्या वर असेल, तर कारण बहुधा तापून पातळ झालेले तेल असते. डिसेंबरच्या पहाटे उलटे होते: तेल घट्ट, काटा वर, आणि इंजिन तापले की तो आपोआप खाली येतो.

हवेत असताना प्रेशरबरोबर ऑइल टेम्परेचर वाचावे. प्रेशर कमी पण टेम्परेचर नेहमीसारखे असेल, तर गेज किंवा रिलीफ व्हॉल्व्हचा संशय घेता येतो; तरीही जवळच्या विमानतळावर उतरणेच योग्य. प्रेशर गेले आणि टेम्परेचर चढू लागले, तर इंजिन बंद पडण्याच्या बेतात आहे असे धरून पॉवर ताबडतोब कमी करावी आणि उतरण्याजोगे मैदान हेरावे. गेजला दोष देत उडत राहण्याची ही वेळ नव्हे.

जमिनीवर मात्र गेजवर आधी संशय घ्यावा. डिपस्टिकवर तेलाची पातळी पाहून झाली, की खात्रीचे मेकॅनिकल गेज जोडून दोन्ही आकडे ताडून बघतात. काटा थरथरत किंवा उड्या मारत असेल, तर सेंडरची (दाब ओळखून गेजला विजेचा संकेत पाठवणाऱ्या भागाची) वायर आणि अर्थिंग तपासतात. गेज खरे ठरले, तर लायकमिंग कंपनीच्या इंजिनांमध्ये पुढचा क्रमांक रिलीफ व्हॉल्व्हचा. त्याच्या गोळीखाली, सीटवर कार्बनचा बारीक कण अडकला तरी तेल परत संपमध्ये (इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या भागात) जात राहते आणि प्रेशर पडते. सीट साफ केल्यावर काटा जागेवर येतो. कारण न शोधता नुसता व्हॉल्व्हचा स्क्रू आवळून किंवा वॉशर वाढवून आकडा हिरव्यात आणणे ही सर्वांत घातक सवय आहे, कारण झिजलेली बेअरिंग मग हिरव्या काट्याआड लपून राहते. अशी झीज शोधण्यासाठी तेलाचा फिल्टर कापून त्याचा घड्या घातलेला कागद उजेडात उलगडतात. चुंबकाला चिकटणारा चुरा पोलादाचा; न चिकटणारे चमकते कण बेअरिंगचे किंवा ॲल्युमिनियमचे असू शकतात. कण भरपूर दिसले, तर परवानाधारक इंजिनिअरने निर्णय देईपर्यंत विमान उडवत नाहीत.

रोटॅक्स ९१२ या इंजिनात तेल वेगळ्या टाकीत असते. त्यामुळे इग्निशन बंद ठेवून, टाकीतून बुडबुड्यांचा आवाज येईपर्यंत प्रोपेलर हाताने त्याच्या नेहमीच्या फिरण्याच्या दिशेने फिरवल्याशिवाय डिपस्टिकचे माप खरे येत नाही. या इंजिनाचा नेहमीचा दाब २ ते ५ बार (दाबाचे दुसरे एकक) असतो.