दोन ठोक्यांमधली जागा : खेळाडूच्या थकव्याचा माग कसा लागला

नाडी मिनिटाला ६० आहे म्हणजे दर सेकंदाला बरोबर एक ठोका, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात एक अंतर ९६० मिलिसेकंदांचे असते, पुढचे १०४०चे, त्यापुढचे १०१०चे. श्वास घेताना ठोके जवळ सरकतात, सोडताना लांबतात. या कमीजास्तपणालाच हृदयगतीची परिवर्तनशीलता म्हणतात. मैदानावर सगळे तिच्या इंग्रजी नावाचे लघुरूप ‘एचआरव्ही’च वापरतात. आज प्रशिक्षक सकाळी हा आकडा पाहून दिवसाचा सराव ठरवतात, पण त्याचा उगम खेळात नाही.

कार्ल लुडविग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८४७ मध्ये फिरत्या नळकांड्यावर रेघ उमटवणारे यंत्र वापरले आणि श्वासाबरोबर नाडी बदलते हे नोंदवले. तरी पुढची शंभरेक वर्षे डॉक्टरांच्या दृष्टीने ते एक निरुपद्रवी कुतूहलच होते. कलाटणी मिळाली प्रसूतिकक्षात. हॉन आणि ली या डॉक्टरांना १९६०च्या दशकात दिसले की गर्भाशयातले बाळ संकटात सापडते तेव्हा त्याची हृदयगती बदलण्याआधीच ठोक्यांमधला फरक बदलू लागतो. सरासरी शाबूत दिसत असताना आतून इशारा मिळतो, ही ती गोष्ट. माझ्या मते पुढचा सारा इतिहास या एका निरीक्षणाच्या आधारावर उभा आहे.

हा इशारा येतो कुठून? हृदयाला दोन लगाम असतात. अनुकंपी चेतासंस्था वेग वाढवते, पण तिचा परिणाम दिसायला काही सेकंद लागतात. परानुकंपी संस्था व्हेगस चेतातंतूमार्फत वेग आवरते, आणि तिचा परिणाम जवळजवळ पुढच्याच ठोक्यावर दिसतो. त्यामुळे लागोपाठच्या ठोक्यांतला फरक मुख्यतः व्हेगसचे काम दाखवतो. खेळाडूंसाठी वापरले जाणारे ‘आरएमएसएसडी’ हे माप अशाच फरकांवरून काढतात.

हृदयविकाराच्या अभ्यासाने एकूणच परिवर्तनशीलतेच्या मोजमापाला वजन दिले. १९८७ मध्ये क्लायगर आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८०८ रुग्णांच्या चोवीस तासांच्या नोंदी तपासल्या. ज्यांची परिवर्तनशीलता ५० मिलिसेकंदांहून कमी होती, त्यांच्यात मृत्यूचा धोका १०० मिलिसेकंदांहून अधिक असणाऱ्यांच्या पाचपटींहून जास्त निघाला. मग १९९६ मध्ये युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी मोजमापाचे समान नियम आखले.

इकडे क्रीडाशास्त्र दुसऱ्याच प्रश्नाशी झुंजत होते. खेळाडू किती किलोमीटर धावला हे कळते. पण ते धावणे त्याच्या शरीराला किती जड पडले? एरिक बॅनिस्टर आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये एक गणिती प्रारूप मांडले. त्यात प्रत्येक सराव दोन गोष्टी मागे ठेवतो, तंदुरुस्ती आणि थकवा, आणि कामगिरी म्हणजे या दोन्हींची वजाबाकी. पुढे त्यांनी सरावाची मिनिटे आणि हृदयगती यांचा गुणाकार करणारे ‘ट्रिंप’ हे माप रूढ केले. त्याच सुमारास फिनलंडमधल्या पोलर कंपनीने बिनतारी हृदयगती-यंत्र आणले, आणि छातीवरचा पट्टा धावपटूच्या सामानाचा भाग झाला. तरी ट्रिंप सांगायचे ते सरावादरम्यानचे ओझे. रात्रभरात शरीराने ते किती पचवले, याचे उत्तर त्यात नव्हते. ती पोकळी एचआरव्हीने भरली.

याची नेटकी चाचणी २००७ मध्ये फिनलंडमध्येच झाली. किविनिएमी आणि सहकाऱ्यांनी २६ पुरुषांचे तीन गट केले. एकाने ठरलेला कार्यक्रम पाळला, दुसऱ्याने रोज सकाळच्या एचआरव्हीनुसार सराव केला, तिसऱ्याने नेहमीचे जीवन चालू ठेवले. दुसऱ्या गटात आकडा घसरला की हलका सराव किंवा विश्रांती. चार आठवड्यांनी या गटाचा कमाल धावण्याचा वेग ठरलेल्या कार्यक्रमाच्या गटापेक्षा जास्त सुधारला. गट लहान होते हे खरे, पण आधी शरीराला विचारायचे आणि मग सराव ठरवायचा, हा क्रम तिथे पहिल्यांदा नीट मांडला गेला.

मग गुंतागुंत पुढे आली, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हाच भाग. डॅनियल प्ल्यूज, पॉल लॉरसन आणि मार्टिन बुखाइट या क्रीडासंशोधकांनी अव्वल खेळाडूंच्या नोंदी पाहून दाखवले की एका दिवसाचा आकडा फार हलतो. अपुरी झोप, दारू, प्रवास, मोजताना घेतलेला श्वास, कशानेही. म्हणून सात दिवसांची सरासरी बघावी, आणि ती त्याच खेळाडूच्या आकड्याच्या नेहमीच्या मर्यादांशी ताडावी, शेजारच्या खेळाडूशी नव्हे. दुसरी अडचण अधिक अवघड. २०१३ मध्ये ल म्यूर आणि सहकाऱ्यांनी ट्रायथलॉनपटूंवर तीन आठवडे मुद्दाम जास्त भार टाकला. जे अति ताणाने खचले, त्यांची कामगिरी घसरत असतानाच त्यांची साप्ताहिक परिवर्तनशीलता वाढत गेली. म्हणजे ‘आकडा वर, तर शरीर ताजे’ हा सोपा हिशेब तिथेच मोडला. शिवाय ज्यांची विश्रांतीतली नाडीच अतिशय मंद असते, त्यांच्यात व्हेगसचा प्रभाव वाढूनही आकडा वाढेनासा होतो.

आता मनगटावरचे घड्याळ प्रकाशकिरणांनी रात्रभर ठोके टिपते आणि सकाळी एक गुण दाखवते. त्या गुणात कोणते सूत्र दडले आहे, हे बहुतेक कंपन्या पूर्णपणे उघड करत नाहीत. म्हणूनच अनुभवी प्रशिक्षक त्यासोबत खेळाडूला अजूनही विचारतात : झोप कशी झाली, पाय जड वाटतात का, काल सराव किती कठीण गेला?