हाडं नसलेल्या जंताला कॅल्शियम कशाला?

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला दूध आठवतं, नाहीतर आजीचे गुडघे. मग ज्याच्या अंगात एकही हाड नाही अशा जंताला ते कशाला हवं?

सी. एलेगन्स हा पोटातला जंत नव्हे. कुजक्या फळांवरचे जिवाणू खाणारा, जेमतेम 1 मिलिमीटरचा हा निरुपद्रवी गोलकृमी. चेतापेशी मोजून 302, तरी गडी शिकतो. 20 अंशांना पोटभर खाऊन वाढलेला कृमी अगर नावाच्या जेलीच्या बशीत सोडायचा आणि मधोमध गोठलेल्या ॲसेटिक आम्लाची कुपी ठेवायची. मध्य गार, कडा उबदार. कृमी सरपटत 20 अंशांपाशी येतो आणि तेवढ्याच तापमानाला धरून फिरत राहतो. अगरवर वर्तुळं उमटतात. जिथे पोट भरलं, ते तापमान त्याच्या ध्यानात असतं.

एनसीएस-1 हे प्रथिन नसलेले कृमी नीट सरपटतात, वासही ओळखतात, पण ही वर्तुळं त्यांना नीट जमत नाहीत. हे 2001 साली दिसलं.

आता माझ्या आवडीचा भाग. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतं. संदेश आला की दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं. एनसीएस-1 त्याला चिमटीत धरतं. चिमटी म्हणजे प्रथिनाच्या दोन मळसूत्री दांड्या, तर्जनी-अंगठ्यासारख्या, आणि त्यांच्यामध्ये 12 अमिनो आम्लांचा फास. फासातले ऑक्सिजनचे अणू कॅल्शियमला चहूबाजूंनी घेरतात. अशी चिमटी पहिल्यांदा कार्प माशाच्या स्नायूतल्या प्रथिनात नीट दिसली. तिथल्या ई आणि एफ दांड्यांवरून तिचं नाव पडलं 'ईएफ हँड'. एनसीएस-1 मध्ये अशा चार, पण पहिली निकामी. उरलेल्या तिघींत कॅल्शियम बसलं की प्रथिनाचा आकार बदलतो, पाण्याला नाक मुरडणारी एक खाच उघडी पडते आणि तिथे दुसरी प्रथिनं येऊन चिकटतात. निरोप पुढे जातो.

हे प्रथिन माणसातही आहे. पण म्हणून परीक्षेच्या दिवसांत 'स्मरणशक्तीसाठी कॅल्शियम' विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. जास्तीचं कॅल्शियम पेशी स्वतःच उपसून बाहेर टाकते. गोळी गिळून चिमट्या वाढत नाहीत.

कृमीत मात्र प्रथिनच वाढवून पाहिलं, तर तो लवकर शिकला आणि उशिरा विसरला. प्रथिन नसलेल्या कृमीच्या एआयवाय नावाच्या चेतापेशीत ते परत घातलं, तरी वर्तुळं पुन्हा उमटली. मग तेच प्रथिन चिमट्या मोडून घातलं. वर्तुळं आली नाहीत.