गावात ‘मिटवून घ्या’ म्हणतात तेव्हा: अ‍ॅट्रॉसिटीचं अर्थसाहाय्य कसं मिळतं

गुन्हा नोंदवून घरी यावं, तर ओट्यावर चार मोठी माणसं बसलेली. “झालं गेलं विसरा, एकाच गावात राहायचंय.” पाचशेचा बाँडही कुणाच्या तरी खिशात असतोच. माफ करायचं की नाही हे तुमच्या मनावर, पण आधी मदतीचे कागद पुरे करा. 1978 मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हा अ‍ॅट्रॉसिटीचा, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणारा, कायदाच नव्हता. तो 1989 चा, आणि मदतीचे नियम 1995 चे.

पीडित अनुसूचित जाती-जमातीचा हवा, बौद्धही त्यात आले. आरोपी त्याबाहेरचा हवा आणि एफआयआरमध्ये अ‍ॅट्रॉसिटीची कलमं हवीत. उत्पन्नाची अट नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्याची पायरी उतरण्याआधी कलमं वाचून घ्या.

सोबत जातीचा दाखला, आधार, पासबुकाची झेरॉक्स, मार लागला असेल तर वैद्यकीय अहवाल. खून असेल तर शवविच्छेदन अहवाल आणि वारसांचे कागद. गाडी अडते ती जातीच्या दाखल्यावर. 1950 पूर्वीचा पुरावा मागतात आणि आपल्या मराठवाड्यातला तो निजामाच्या काळातला, बऱ्याचदा उर्दूत. भाषांतरातच दिवस जातात. वडिलांचा किंवा सख्ख्या भावाचा दाखला निघालेला असेल तर तोच जोडा.

पोलिसांकडून प्रस्ताव समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जातो, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती देते. रक्कम गुन्ह्यानुसार 85 हजार ते सव्वाआठ लाख. जातिवाचक शिवीगाळीला 1 लाख: 25 टक्के एफआयआरनंतर, 50 दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर, उरलेले शिक्षा झाल्यावर. खुनात निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर, निम्मी दोषारोपपत्रावर. शिवाय विधवेला किंवा अवलंबितांना दरमहा 5,000 रुपये मूळ निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई भत्ता.

आता तो बाँड. हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, त्यामुळे बाँडवर सह्या झाल्या म्हणून केस बंद होत नाही. खरोखर समेट झालाच असेल तर गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि समेट मनापासून झाला की दबावाखाली, हे तिथे तपासतात. दबाव येत असेल तर कलम 15अ खाली संरक्षण मागा. हेल्पलाइन 14566.

पहिला हप्ता अडकला तर तोंडी विचारत बसू नका, “फंड आला नाही” एवढंच ऐकायला मिळेल. लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या.