लष्करी वाहनांच्या प्रतिकृतींसाठी सुटे भाग घडवणे

रणगाडे, चिलखती गाड्या, तोफा ओढणारी वाहने यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृतींना लागणारे भाग लहान लेथवर (धातू फिरवून कातण्याचे यंत्र) किंवा मिलिंग यंत्रावर (फिरत्या कटरने धातू कापणारे यंत्र) स्वतः तयार करण्याचा छंद. काम बहुधा पितळ, ॲल्युमिनियम किंवा पोलादात होते, क्वचित कठीण प्लास्टिकमध्येही. विकतच्या किटमधला भाग बोजड वा चुकीचा असतो, चालत्या प्रतिकृतीत तो झिजून जातो, किंवा हव्या त्या उपप्रकाराचे किट कोणी काढलेलेच नसते. अशा वेळी हौशी कारागीर लेथकडे वळतो. उदाहरणार्थ, जर्मन टायगर रणगाड्याच्या नळीवर १९४४ मध्ये आधीपेक्षा लहान आणि हलका मझल ब्रेक (तोफेचा मागे बसणारा धक्का कमी करणारा, नळीच्या टोकावरचा भाग) आला. किटमध्ये जुना असेल आणि दाखवायचा रणगाडा त्यानंतरचा असेल, तर ब्रेक नव्याने कातावा लागतो.

या छंदात दोन वेगळ्या परंपरा एकत्र आल्या आहेत. पहिली चालती वाफेची इंजिने घरी बनवणाऱ्यांची. ब्रिटनमध्ये ती एकोणिसाव्या शतकातच रुजली होती आणि १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी सुरू केलेल्या 'मॉडेल इंजिनिअर' या नियतकालिकाने तिला व्यासपीठ दिले. दुसरी परंपरा प्लास्टिक किटची, ती दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावली. पहिलीतल्या लोकांना यंत्र चालले पाहिजे असे वाटते, दुसरीतल्यांना ते हुबेहूब दिसले पाहिजे असे वाटते. सुटे भाग घडवणाऱ्याला दोन्ही मागण्या एकाच वेळी पुऱ्या कराव्या लागतात, आणि त्या बऱ्याचदा एकमेकींच्या आड येतात.

प्रमाणे

सर्वांत रूढ प्रमाण १/३५. ते गणिताने ठरलेले नाही. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला, तेव्हा आत बॅटऱ्या आणि मोटर मावतील एवढा तो केला गेला. नंतर मोजल्यावर प्रमाण १/३५ च्या आसपास भरले आणि तेच पुढे सगळ्या जगाने उचलले. याशिवाय १/४८ आणि १/७२ ही लहान, १/१६ हे रेडिओवर चालणाऱ्या रणगाड्यांचे, तर १/६ हे जवळजवळ पूर्ण धातूच्या अवजड प्रतिकृतींचे प्रमाण आहे. लेथकामाला खरा वाव १/१६ पासून पुढे मिळतो. १/३५ मध्ये मात्र एक भाग असा आहे की ज्यासाठी कित्येकांनी पहिल्यांदा लेथ घेतला, तो म्हणजे तोफेची नळी.

मापांचे गणित

मूळ माप घ्यायचे, प्रमाणाने भागायचे आणि कातायचे, असे हे काम वरवर दिसते. प्रत्यक्षात सगळ्या गोष्टी सारख्या प्रमाणात लहान होत नाहीत. लांबी १६ पट घटते तेव्हा पृष्ठफळ २५६ पट आणि वजन ४,०९६ पट घटते. ५७ टनांचा टायगर १/१६ मध्ये तंतोतंत उतरवला तर सुमारे १४ किलो भरेल. १/६ मध्ये तोच २६४ किलोच्या घरात जातो, म्हणजे तो उचलायला माणसे नव्हे, क्रेन लागते.

पत्र्याच्या जाडीचा प्रश्न याच्या उलट आहे. ५ मिमी जाडीचा मडगार्ड १/३५ मध्ये ०.१४ मिमी व्हायला हवा. साच्यात ओतलेले प्लास्टिक इतके पातळ निघत नाही. किटमधला १ मिमी जाडीचा मडगार्ड खऱ्या मापात ३५ मिमीचा ठरतो, आणि डोळ्याला काहीतरी खटकते ते यामुळेच. म्हणून असे भाग पितळी पत्र्यातून केले जातात.

अचूकतेबाबत नवशिक्यांचा एक गैरसमज असतो. १/३५ मध्ये ०.०५ मिमी म्हणजे खऱ्या वाहनावरचे १.७५ मिमी. ओतीव टरेटच्या (रणगाड्याच्या वरच्या फिरत्या बुरुजाच्या) मूळ मापांतच याहून जास्त फरक असायचा. तेव्हा दिसण्यासाठी शतांश मिलिमीटरच्या मागे लागण्यात अर्थ नाही. मात्र जिथे एक भाग दुसऱ्यात बसतो तिथे तोच शतांश निर्णायक ठरतो. किटमधले ३ मिमीचे भोक क्वचितच ३ मिमी असते. ड्रिलच्या मागच्या गुळगुळीत दांड्या एकेक घालून ते आधी तपासायचे आणि मग त्या भोकाला साजेसा खुंट कातायचा, ही जुनी फिटरची पद्धत इथेही उत्तम चालते.

तोफेची नळी

प्लास्टिक किटमध्ये नळी बराच काळ दोन अर्ध्या तुकड्यांत येत असे. जोड घासून काढताना गोलाई बिघडायची आणि नळी किंचित लंबगोल व्हायची. लेथवर कातलेली नळी मुळातच गोल असते, त्यामुळे हा दोष राहतच नाही. आज पोलंडमधल्या आबेर आणि आरबी मॉडेलसारख्या कंपन्या अशा तयार नळ्या विकतात. तरीही दुर्मीळ वाहनांसाठी स्वतःच्या हातालाच पर्याय नाही.

पहिला सापळा मापातच आहे. टायगरच्या ८८ मिमी तोफेला एल/५६ म्हणतात, म्हणजे लांबी व्यासाच्या ५६ पट, ४,९२८ मिमी. १/३५ मध्ये ती १४०.८ मिमी येते. पण ही लांबी तोफेच्या मागच्या टोकापासून मोजतात आणि तिच्यात मझल ब्रेक धरलेला नसतो. नळीचा बराचसा भाग टरेटच्या आत असतो. हा आकडा जसाच्या तसा बाहेर दिसणाऱ्या भागासाठी वापरला तर रणगाडा सुळसुळीत लांब नाकाचा दिसू लागतो. त्यामुळे मूळ आराखडे आणि प्रत्यक्ष वाहनाची मोजमापे सोबत ठेवावी लागतात. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात 'टायगर १३१' आहे. १९४३ च्या एप्रिलमध्ये ट्युनिशियात हाती लागलेला हा रणगाडा अजून चालता आहे आणि अशा कामासाठी त्याचा संदर्भ वारंवार घेतला जातो.

दुसरी अडचण धातूच्या लवचिकपणाची. बारीक सळई चकमधून (सळई पकडून फिरवणाऱ्या भागातून) लांब बाहेर काढली की टूलच्या दाबाने ती मागे वाकते. बाहेरची लांबी दुप्पट केली तर वाक आठपट होतो, व्यास निम्मा केला तर सोळापट. परिणामी टोकाकडे कट कमी बसतो आणि नळी तिथे जाड राहते, नेमकी जिथे ती निमुळती हवी असते. यावर टेलस्टॉकचा फिरता सेंटर (सळईच्या मोकळ्या टोकाला टेकणारी अणी) लावणे, टूलबरोबर सरकणारी स्टेडी (सळईला आधार देणारा भाग) वापरणे हे उपाय आहेत. सर्वांत भरवशाचा उपाय मात्र कामाच्या क्रमात आहे. जाड सळईतून थोडीशीच लांबी बाहेर काढून ती पूर्ण मापाला आणायची, मग पुढचा तुकडा बाहेर काढायचा. मागे जाड धातू शिल्लक असतो तोपर्यंत नळीला आधार मिळतो. निमुळतेपणासाठी टेलस्टॉक बाजूला सरकवतात. छोटा उतार असेल तर वरची स्लाइड तिरकी करूनही भागते, पण तिची चाल लहान लेथवर अपुरी पडते.

टूलची धार हा यातला कळीचा मुद्दा आहे. तयार कार्बाइड इन्सर्टची कड बहुधा किंचित गोलसर असते, ती बारीक जॉब (कापायचा तुकडा) कापण्याऐवजी ढकलते. हायस्पीड स्टीलचे टूल स्वतः ग्राइंडरवर घासून आणि तेलदगडावर फिरवून धारदार केले तर ४ मिमीची सळईसुद्धा निमूट कापली जाते. पितळासाठी टूलचा माथा सपाट ठेवतात, उतार दिला तर टूल आत खेचले जाऊन जॉब उडतो. ॲल्युमिनियम मात्र उतार मागते. ते टूलच्या टोकाला चिकटूनही बसते, म्हणून त्यावर रॉकेलचे थेंब सोडतात.

पितळ की ॲल्युमिनियम, हा प्रश्न फक्त कापण्याच्या सोयीचा नाही. ४ मिमी व्यासाची, १४० मिमी लांबीची भरीव नळी पितळात सुमारे १५ ग्रॅम भरते, ॲल्युमिनियममध्ये पाच ग्रॅमच्या आत. प्लास्टिकच्या टरेटमध्ये तोफ वर-खाली हलती ठेवायची असेल तर पितळी नळी सतत मान टाकते. त्यामुळे लांब नळी ॲल्युमिनियमची आणि मझल ब्रेक पितळेचा ही जोडी बरीच रूढ आहे. ब्रेकमधल्या पोकळ्या, बारीक कडा आणि आतले शंकू पितळात स्वच्छ निघतात, शिवाय पितळाला सोल्डर सहज धरते.

तोंडाशी दिसणारे भोक थोडेच आत जाते. ७५ मिमीच्या तोफेचे तोंड १/३५ मध्ये २.१४ मिमी असते, तेवढ्या व्यासाने एखाद-दुसरा सेंटिमीटर ड्रिल केले की आतला अंधार पुरेसा खोल भासतो. नळी भरीव राहिल्याने ती मजबूत राहते. शस्त्राच्या हुबेहूब प्रतिकृतींबाबत अनेक देशांत कडक कायदे आहेत, मोठ्या प्रमाणातल्या प्रतिकृतींच्या बाबतीत ते पाहून घ्यावेच लागतात. ७.९२ मिमीच्या मशीनगनचे तोंड १/३५ मध्ये ०.२३ मिमी होते. तिथे लेथपेक्षा हातातला पिन व्हाइस (बारीक ड्रिल धरणारी मूठ) आणि सर्किट बोर्डसाठी वापरले जाणारे कार्बाइड ड्रिल जास्त उपयोगी पडते. हे ड्रिल आडवा दाब अजिबात सहन करत नाही.

चाके, स्प्रॉकेट आणि पट्टे

पँथरचे चाक ८६० मिमी व्यासाचे, १/१६ मध्ये ५३.७५ मिमी. सुरुवातीच्या चाकांच्या कडेला १६ बोल्ट होते, नंतरच्या चाकांना २४. अशी सारख्या अंतरावरची भोके डिव्हायडिंग हेडवर (जॉब ठरावीक कोनात फिरवणाऱ्या साधनावर) पाडतात. त्यातला वर्म (स्क्रूसारखा गिअर) ४० फेऱ्यांत जॉब एकदा पूर्ण फिरवतो. म्हणजे १६ भोकांसाठी दर वेळी अडीच फेऱ्या, आणि २४ साठी एक पूर्ण फेरी अधिक हेडच्या तबकडीवरच्या १८ भोकांच्या वर्तुळावर १२ भोके. फेऱ्या नेहमी एकाच दिशेने मोजायच्या, नाहीतर वर्ममधली ढिलाई शेवटच्या भोकात उघडी पडते.

पातळ चकत्या चकमध्ये धरल्या तर वाकतात. त्या पितळी तुकड्याच्या सपाट तोंडावर सुपरग्लूने चिकटवून कातायच्या आणि काम झाले की थोडी आच देऊन सोडवायच्या. अवघड भाग धरायचा कसा, यावरच या छंदातला निम्मा विचार खर्च होतो. कापणे त्यामानाने सोपे.

स्प्रॉकेटच्या (पट्ट्याला ओढणाऱ्या चाकाच्या) बाबतीत वाहनाची निवड फार फरक पाडते. टायगरच्या स्प्रॉकेटला २० दाते आहेत आणि प्रत्येक दात्याचा आकार मिलिंगवर काढावा लागतो. सोव्हिएत टी-३४ च्या चाकात दात्यांऐवजी दोन चकत्यांमध्ये सहा रोलर असतात आणि ते पट्ट्यावरच्या शिंगांना ढकलतात. हे रोलर साध्या लेथवर सहज निघतात. ज्याच्याकडे मिलिंग यंत्र नाही, त्याने पहिली चालती प्रतिकृती टी-३४ चीच करावी.

पट्ट्यांमध्ये चूक साचत जाते. टायगरच्या एका बाजूला ९६ कड्या, प्रत्येकीची पिच (एका खिळीपासून पुढच्या खिळीपर्यंतचे अंतर) १३० मिमी, १/१६ मध्ये ८.१२५ मिमी. प्रत्येक कडीत अवघी ०.०५ मिमीची चूक राहिली तर पूर्ण पट्ट्यात ४.८ मिमी होतात, अर्ध्या कडीहून जास्त. पट्टा एकतर लोंबतो किंवा स्प्रॉकेटवर चढून बसतो. म्हणून कडीची दोन्ही भोके एकाच जिगमध्ये (भोकांची जागा पक्की ठरवणाऱ्या चौकटीत), एकाच पकडीत पाडतात. एकूण १९२ कड्या एकेक करून मिल करणे हे धीराचे काम आहे. शहाणे कारागीर दोन-तीन कड्या अत्यंत काळजीने घडवतात, त्यांवरून सिलिकॉनचा साचा करतात आणि उरलेल्या ओतून घेतात.

सस्पेन्शन

लहान प्रमाणात भौतिकशास्त्र कसे दगा देते हे इथे सर्वांत स्पष्ट दिसते. टायगर, पँथर यांची चाके टॉर्शन बारवर, म्हणजे पीळ घेणाऱ्या पोलादी दांड्यांवर उभी असतात. हा दांडा १/१६ मध्ये तंतोतंत उतरवला तर पिळाला होणारा त्याचा विरोध ४,०९६ पट घटतो. पण त्याला पिळणारा जोर म्हणजे वजन गुणिले स्विंग आर्मची (चाक धरणाऱ्या हलत्या भुजेची) लांबी, तो ६५,५३६ पट घटतो. दांडा मूळच्या सोळाव्या भागाइतकाच पिळतो. रणगाडा खडखडत जातो, चाके जागची हलत नाहीत. मूळच्या इतकाच पीळ हवा असेल तर दांडा आणखी १६ पट मऊ करावा लागतो, आणि विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असल्याने त्यासाठी व्यास प्रमाणाच्या बरोबर निम्मा करणे पुरते. प्रतिकृती प्रमाणाच्या वजनाहून हलकी असेल, आणि बहुतेक असतातच, तर त्याहूनही बारीक पियानो वायर घ्यावी लागते. मापाला खोटी पडलेली ही तार लावल्यावरच रणगाडा खड्ड्यावरून खऱ्यासारखा झुलतो. चालत्या प्रतिकृतीत काय खरे ठेवायचे आणि काय मुद्दाम खोटे करायचे, हा निवाडा या छंदातले सर्वांत मोठे कौशल्य आहे.

यंत्रे

ऑस्ट्रियातील एम्कोचा युनिमॅट, मुळात ऑस्ट्रेलियात सुरू झालेला आणि पुढे अमेरिकेत गेलेला शेरलाइन, जर्मनीचा प्रॉक्सॉन हे टेबलावर मावणारे लेथ; मोठ्या प्रमाणांसाठी ब्रिटनचा मायफोर्ड. ४ मिमीची सळई मिनिटाला २,००० फेऱ्यांनी फिरवली तरी कापण्याचा वेग मिनिटाला जेमतेम २५ मीटर होतो, म्हणून बारीक कामाला यंत्राच्या ताकदीपेक्षा जास्त फेरे देणारा आणि न थरथरणारा स्पिंडल महत्त्वाचा. तीन जबड्यांच्या चकपेक्षा कोलेट (सळईभोवती आवळणारी बाही) सळई जास्त केंद्रात धरते. स्क्रूसाठी मेट्रिक १ ते २ मिमी किंवा बीए (ब्रिटिश असोसिएशन) आटे वापरतात. १२ बीए १.३ मिमीचा, १० बीए १.७ मिमीचा. सीएनसीमुळे (संगणकाने चालणाऱ्या यंत्रामुळे) एकसारख्या भागांचा कंटाळा वाचतो. २ मिमी पिचचा स्क्रू आणि २०० पावलांची स्टेपर मोटर जोडली की एक पाऊल म्हणजे ०.०१ मिमी, मात्र स्क्रूमधली ढिलाई आधी काढावी लागते.

लेथ लहान असला तरी फिरत्या चकजवळ हातमोजे, लांब बाह्या आणि मोकळे केस नकोत. पितळाचा कीस सुईसारखा उडतो, त्यामुळे चष्मा हवाच.

रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरने या छंदातला काही भाग काढून घेतला आहे. ओतीव टरेट, हॅच, हेडलाइट असे वेडेवाकडे आकार आता मिलिंगवर करण्यात हशील नाही. पण लांब, बारीक आणि गोल भाग प्रिंटमध्ये थरांच्या रेघा दाखवतो आणि काळाने वाकतो. ॲक्सल, गिअर, स्प्रॉकेट, नळी ही कामे अजूनही लेथचीच आहेत.

रंग

कातलेल्या भागाची बर (कापताना कडेला राहिलेला खरखरीत धातू) काढून तो तेलविरहित करावा लागतो, ॲल्युमिनियमवर एच प्रायमरशिवाय (धातूला पकड घेणाऱ्या आम्लयुक्त पहिल्या थराशिवाय) रंग नीट धरत नाही. चालत्या पट्ट्यांच्या बाबतीत धातूची निवड रंगाच्या दृष्टीनेही करायची असते. जमिनीवर घासून रंग गेला की खऱ्या पट्ट्याचे पोलाद पांढुरके चमकते. पितळी पट्ट्यात तिथे पिवळा धातू उघडा पडतो आणि सगळा परिणाम बिघडतो. ओतीव व्हाइट मेटल (मऊ, पांढुरका मिश्रधातू) घासले की पोलादासारखेच दिसते, आणि १/३५ मध्ये हंगेरीच्या फ्रिउलमॉडेलच्या धातूच्या कड्या लोकप्रिय होण्यामागे हेही एक कारण आहे. १/१६ च्या जड रणगाड्याखाली तो मऊ धातू टिकत नाही, तिथे पोलादी कड्याच लागतात.