कॅमेरा भारी, फोन जुना: घ्यावा का?

सोलापूरची गड्डा यात्रा जवळ आली की आमच्या मोबाइलच्या दुकानात काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. "मॉडेल जुनं आहे, पण कॅमेरा एकदम भारी. स्वस्तात मिळतंय, घेऊ का ओ?" गिऱ्हाइकांच्या गर्दीत याचं उत्तर अर्धवटच दिलं जातं, म्हणून हे पत्रक छापलं.

फोटो नुसती लेन्स काढत नाही. तुम्ही बटण एकदा दाबता, फोन मात्र बहुतेक वेळा पाठोपाठ अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर बसवतो, अंधारातले दाणे पुसतो, पांढरं पडलेलं आभाळ आवरतो. हे सगळं काम प्रोसेसर आणि रॅमचं. ते दमले की फोटो चांगला येतो, पण उशिरा येतो, आणि तोवर मिरवणुकीतला नंदीध्वज पुढे गेलेला असतो.

याचं जुनं उदाहरण नोकियाचं. 2012 साली आलेल्या 808 प्युअरव्ह्यूला 41 मेगापिक्सेलचा कॅमेरा होता. त्या काळी त्याच्या फोटोला तोड नव्हती, पण रॅम 512 एमबी आणि आत सिम्बियन नावाची फोन चालवणारी प्रणाली, जी तेव्हाच शेवटच्या घटका मोजत होती. पुढच्या वर्षी आलेल्या, विंडोज फोन प्रणालीवर चालणाऱ्या ल्युमिया 1020 चीही तीच गत. फोटो सुरेख, पण एक काढून झाला की दुसऱ्यासाठी काही सेकंद थांबायचं. पुढे व्हॉट्सॲपने 2017 साली सिम्बियन सोडलं आणि 2019 अखेर विंडोज फोनही. कॅमेरे धड होते, फोन निकामी झाले.

आता उलट बाजू. चाटी गल्लीतले आमचे एक व्यापारी चादरींचे नमुने गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवतात. त्यांनी 50 मेगापिक्सेलचा नवा, स्वस्तातला फोन घेतला. ट्यूबलाइटखाली मरून चादर त्यात तपकिरी दिसायची, काठावरच्या मोराची पिसं एकमेकांत मिसळायची. आम्ही त्यांना 2018 चा पिक्सेल 3 दिला. मागे एकच कॅमेरा, तोही 12 मेगापिक्सेलचा. पण रंग खरा आला आणि मोराचं पीस न् पीस सुटं दिसलं. मेगापिक्सेलपेक्षा सेन्सरचा आकार, लेन्स आणि सॉफ्टवेअर यांना जास्त किंमत आहे, हे आम्ही सांगत होतोच; त्यांना ते चादरीने पटवलं.

मात्र त्या फोनमध्ये आम्ही त्यांना सिम टाकू दिलं नाही. पिक्सेल 3 ची बॅटरी 2915 एमएएच, रॅम 4 जीबी, मेमरी कार्डाची सोय नाही. अँड्रॉइड 12 वर त्याची गाडी थांबली आणि सुरक्षेचे अपडेटही बंद झाले. म्हणून तो फक्त फोटोला. यूपीआय आणि बँक दुसऱ्या फोनवर. घरात एकच फोन असेल आणि त्यावरच पैशांचे व्यवहार होत असतील, तर कॅमेरा कितीही भारी असो, अपडेट बंद झालेला फोन आम्ही तुम्हाला सुचवणार नाही. मग तुम्ही शेजारच्या दुकानातून घेतलात तरी चालेल.

(जाता जाता: व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना एचडी निवडा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या पद्धतीने गेलेला फोटो आकसतो आणि मग दोष कॅमेऱ्याला लागतो.)

व्हिडिओला जागा लागते. फोरके (4K, जास्त बारकावे टिपणारा) व्हिडिओ मिनिटाला साधारण 350 एमबी खाऊ शकतो. म्हणजे 64 जीबीच्या फोनमध्ये 40 जीबी मोकळी असली, तरी दोन तासांच्या आत तो भरतो. लग्नाचं शूटिंग करणार असाल तर हा हिशोब आधी करा.

आणि आपलं ऊन! काही कंपन्या फोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगतात. इथे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. तापलेला फोन आधी मंदावतो, मग फ्लॅश किंवा कॅमेराच बंद करतो. जुनी बॅटरी असेल तर 25 टक्के दाखवत असतानाही कॅमेरा उघडताच फोन बंद पडू शकतो. कॅमेरा एकदम जास्त करंट ओढतो, थकलेल्या बॅटरीला तो देता येत नाही. हा दोष बॅटरी बदलून जातो, त्यासाठी फोन टाकून देऊ नका.

जुना फोन कुठूनही घ्या, पण दुकानातच दहा फोटो धडाधड काढा, पाच मिनिटं व्हिडिओ चालू ठेवा आणि मग फोनच्या पाठीला हात लावून किती तापलाय ते बघा. पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा. डाग दिसला तर लेन्सच्या आत धूळ किंवा ओल गेली असू शकते.

तुमचा फोन बदलायला आणताना बिल आणा आणि रीसेट करण्याआधी गूगल अकाउंट काढा. ते राहिलं तर रीसेटनंतर फोन जुन्या मालकाचा पासवर्ड मागू शकतो, आणि पासवर्ड आठवेपर्यंत आम्हाला तो फोन घेता येत नाही.