बी.फार्मसीला प्रवेश: पात्रता, दाखले आणि कॅप राउंड

बारावीचा निकाल लागला की छाननी केंद्रावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, बायो नव्हतं, चालेल का?" त्याच्या मागचा लगेच विचारतो, "आणि मॅथ्स नसेल तर?" दोघांनाही चालतं. बी.फार्मसीसाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हवंच. तिसरा विषय गणित किंवा जीवशास्त्र. या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के लागतात. महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ४० टक्के. हे टक्के फक्त या तीन विषयांचे आहेत. भाषांच्या जोरावर एकूण साठ टक्के पडले पण फिजिक्सने दगा दिला, तर गणित बिघडतं. म्हणून निकालाच्या दिवशीच तीन विषयांची बेरीज कागदावर मांडून बघा.

बारावीला जो विषय नव्हता त्याची भरपाई पहिल्याच सेमिस्टरला करून घेतात. गणितवाल्यांना रेमेडियल बायोलॉजी, बायोवाल्यांना रेमेडियल मॅथेमॅटिक्स. अवघड नसतं, पण "फार्मसीत आता मॅथ्सचं तोंड बघायचं नाही" असं ठरवून आलेल्यांची थोडी निराशा होते.

सीईटी कुठल्या ग्रुपची?

महाराष्ट्रात बी.फार्मसीचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे आपल्या बोलण्यातला सीईटी सेल करतो. परीक्षा एमएचटी-सीईटी. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) द्या किंवा पीसीबी (मॅथ्सऐवजी बायोलॉजी), फार्मसीला दोन्ही चालतात, आणि दोन्ही दिल्या असतील तर ज्यात पर्सेंटाइल जास्त ते धरतात. पेपर २०० गुणांचा: फिजिक्स आणि केमिस्ट्री प्रत्येकी ५०, मॅथ्स किंवा बायोलॉजी १००. अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के वजन, बारावीला ८०. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

डॉक्टर व्हायचं ठरवून फक्त नीट दिलेल्यांनी इथे जरा थांबावं. नीटच्या गुणांवर बी.फार्मसीचा अर्ज करता येतो, पण राज्यातल्या जागांची मुख्य यादी सीईटीवर चालते. एमबीबीएसचं स्वप्न असलं तरी एप्रिल-मेमधली पीसीबीची सीईटी देऊन ठेवावी. फॉर्म भरून परीक्षेला न गेलेली मुलं जुलैमध्ये फार हळहळतात.

अभिमत विद्यापीठांचा रस्ता वेगळा. भारती विद्यापीठाचं पूना कॉलेज ऑफ फार्मसी किंवा एनएमआयएमएस यांची परीक्षा आणि अर्ज स्वतंत्र. तिथे कॅपचा, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, संबंध नाही. मुंबईची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), जुन्या लोकांच्या तोंडी अजून यूडीसीटी, मात्र सीईटीच्या गुणांवर प्रवेश देते.

कागदपत्रं

सीईटीला पर्सेंटाइल चांगलं असूनही हातची जागा जाते ती बहुतेक वेळा दाखल्यापायी. अभ्यासाइतकीच तयारी याची हवी, आणि ती अकरावीत सुरू व्हायला हवी.

सगळ्यांना लागणारे कागद आधी. दहावीची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, सीईटीचं स्कोअरकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो आणि सही. दुसऱ्या बोर्डातून आलेल्याला मायग्रेशन सर्टिफिकेट. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र. भारतीय नागरिकत्वासाठी दाखल्यावर 'राष्ट्रीयत्व: भारतीय' असा उल्लेख असला की वेगळा कागद लागत नाही.

आता येतो टाइप. फॉर्ममध्ये 'टाइप ऑफ कँडिडेचर' असा रकाना असतो आणि तिथे अंदाजाने ठोकू नये. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झाली आणि डोमिसाइल (राज्याचा रहिवासी असल्याचा दाखला) आहे किंवा जन्म महाराष्ट्रातला आहे, तर टाइप ए. जन्मस्थळ शाळेच्या दाखल्यावर लिहिलेलं असेल तर तोच पुरावा चालतो. शिक्षण बाहेर झालं पण तुमचं किंवा आई-वडिलांचं डोमिसाइल महाराष्ट्राचं आहे, तर टाइप बी. इंदूर, बडोदा, हैदराबाद इथल्या मराठी घरांतली मुलं बहुधा यात बसतात. आई किंवा वडील केंद्र सरकारी नोकरीत आणि महाराष्ट्रात बदलीवर असतील तर टाइप सी, राज्य सरकारचे कर्मचारी असतील तर डी. आणि टाइप ई खास सीमाभागासाठी: बेळगाव, खानापूर, निपाणी अशा वादग्रस्त सीमाभागातल्या संस्थेतून दहावी किंवा बारावी झालेली, मातृभाषा मराठी असलेली मुलं. तिकडच्या किती तरी पालकांना ही सोय असल्याचं ठाऊकच नसतं.

राखीव प्रवर्गाचं प्रकरण मोठं आहे. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून निघतो आणि तो बहुतेकांकडे असतो. अडतं ते जात वैधतेवर, म्हणजे व्हॅलिडिटीवर. त्यासाठी अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजचं पत्र घेऊन जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. अनुसूचित जमातींची समिती वेगळी असते. समिती जुना पुरावा मागते, आणि किती जुना ते ठरलेलं आहे: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसी आणि एसबीसीसाठी (विशेष मागास प्रवर्ग) १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. म्हणजे आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, कोतवाल बुकातली नोंद, जुना फेरफार शोधायचा. गावची शाळा बंद पडलेली असते, रजिस्टर तालुक्याला गेलेलं असतं, आजोबांचं नाव कागदावर एक आणि घरात दुसरं असतं. शपथपत्र आणि वंशावळही जोडावी लागते. घरात वडिलांची, काकांची किंवा सख्ख्या बहीण-भावाची व्हॅलिडिटी असेल तर काम पुष्कळ हलकं होतं. पहिला फोन तिकडे करावा. हे सगळं जूनमध्ये उरकेल असं समजणाऱ्यांसाठी कोरा करकरीत नकार तयार असतो.

समितीकडे अर्ज केल्याच्या पावतीवर काही काळ धकतं. मूळ प्रमाणपत्र द्यायची मुदत त्या-त्या वर्षी सरकार ठरवतं. त्या मुदतीत ते आलं नाही, तर राखीव जागेवरचा प्रवेश टिकत नाही.

नॉन-क्रिमिलेयर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, लागतं ते ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास), एसबीसी आणि व्हीजेएनटीला, एससी-एसटीला नाही. गोम तारखेत आहे. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश, त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत तो दाखला वैध हवा. २०२६-२७ ला प्रवेश घेणार असाल तर दाखल्यावर ३१ मार्च २०२७ किंवा त्यापुढची तारीख पाहिजे. गेल्या वर्षी काढलेला दाखला पाकिटात नीट घडी करून आणतात आणि तारीख वाचली की चेहरा उतरतो. दुसरी गोष्ट म्हणजे नमुना. केंद्रासाठीचं ओबीसी प्रमाणपत्र आणि केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस राज्याच्या प्रवेशात चालत नाही. नीट, जेईईसाठी काढलेलं असतं ते बहुधा केंद्राचं. सेतू केंद्रावर "राज्य शासनाच्या शैक्षणिक प्रवेशासाठी" असं ठणकावून सांगा.

नावांचा घोळ तर सांगायलाच नको. दहावीला 'ज्ञानेश्वर', आधारवर 'दन्यानेश्वर', जातीच्या दाखल्यावर आईचं नाव माहेरचं. आधार दुरुस्त व्हायला दिवस लागतात, दाखला दुरुस्त व्हायला आठवडे. सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहायचं काम एप्रिलच्या एखाद्या रविवारी करून टाकावं.

छाननी, मेरिट, ऑप्शन

कॅपची नोंदणी ऑनलाइन. कागद अपलोड करून घरबसल्या ई-स्क्रुटिनी करून घ्या, नाहीतर केंद्रावर येऊन प्रत्यक्ष. मोबाईलवर तिरका काढलेला, कोपरा कापलेला फोटो परत येतो. सरळ स्कॅन करा. अर्जात त्रुटी निघाली तर लॉगिनमध्ये दिसते आणि ती मुदतीत दुरुस्त करावी लागते, म्हणून अर्ज भरला की विसरून जाऊ नये. मग तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकतींसाठी थोडे दिवस, आणि अंतिम यादी. प्रवर्ग चुकला असेल तर हरकतीच्या त्या दिवसांतच बोला. नंतर फार काही हातात उरत नाही.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म, भरताना मागच्या वर्षीचे कटऑफ उघडाल तेव्हा त्यात जीओपीईएनएच, एलओबीसीओ असले सांकेतिक शब्द दिसतील. फोड सोपी आहे. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीची जागा, मधे प्रवर्ग, शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (तुमच्या भागाचं विद्यापीठ), ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तरीय. तुमची होम युनिव्हर्सिटी बारावी कुठल्या जिल्ह्यातून दिली त्यावरून ठरते. लातूरच्या मुलीने पुण्यातल्या कॉलेजचा एचचा कटऑफ बघून खूश होण्यात अर्थ नाही, तिने ओचा बघावा.

पसंतीक्रम मनापासून लावा, 'मिळेल तसा' नको. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ती जागा आपोआप फ्रीझ होते. ती घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे मित्र भरतोय म्हणून एक नंबरला टाकलेलं कॉलेज गळ्यात पडू शकतं. जागा मिळाली की स्वीकृती शुल्क ऑनलाइन भरून सीट घ्यायची, आणि ठरलेल्या मुदतीत कॉलेजात जाऊन मूळ कागद दाखवून प्रवेश पक्का करायचा. मुदतीच्या आत प्रवेश रद्द केला तर १,००० रुपये कापून बाकीची फी परत मिळते, हे कॉलेजच्या ऑफिसात कुणी आपणहून सांगत नाही.

कॉलेज बघताना

फार्मसीचे प्रवेश बरेचदा इंजिनिअरिंगच्या मागे पडतात, कारण कॉलेजांची मान्यता फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाकडून (पीसीआय) यावी लागते आणि ती उशिरा येते. पूर्वी एआयसीटीई, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदही मधे होती. ५ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने फार्मसी शिक्षणात पीसीआयचाच शब्द चालेल असा निकाल दिला. खटला विदर्भातल्या एका संस्थेचाच होता. पुढे नव्या कॉलेजांवरची पीसीआयची बंदी २०२२ मध्ये न्यायालयात टिकली नाही आणि राज्यात फार्मसीची कॉलेजं भराभर उगवली. काहींत यंत्रसामग्री आहे, प्राध्यापक नाहीत. काहींत दोन्ही नाहीत.

तेव्हा ऑप्शन फॉर्ममध्ये नाव टाकण्याआधी पीसीआयच्या संकेतस्थळावर कॉलेजची त्या वर्षाची मान्यता आणि प्रवेशक्षमता बघा, आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी बघा. त्याहून जास्त कोणी मागितली तर लक्षात ठेवा, कॅपिटेशन फीला, म्हणजे मंजूर फीवर वरून घेतलेल्या पैशांना, १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. जमलं तर एकदा जाऊन प्रयोगशाळा पाहून या. फार्मास्युटिक्सच्या लॅबमधलं टॅब्लेट पंचिंग मशीन चालू आहे की नुसतं कापडाने झाकलंय, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय महाविद्यालयांची फी खासगीच्या मानाने किरकोळ आहे. पर्सेंटाइल चांगलं असेल तर घर सोडायची तयारी ठेवा.

डी.फार्म आणि फार्म.डी

डी.फार्म ही फार्मसीची पदविका, तिला सीईटी नाही. बारावी सायन्सच्या गुणांवर प्रवेश, दोन वर्षं, वर ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग. आता पदविकेनंतर एक्झिट परीक्षेचा नियमही आला आहे. डी.फार्म करून बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, मात्र पदविकेचं कॉलेज पीसीआयमान्य हवं. अशा विद्यार्थ्यांना तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरला कम्युनिकेशन स्किल्स आणि कॉम्प्युटर हे पहिल्या वर्षाचे विषय जादा करावे लागतात. फार्म.डी (डॉक्टर ऑफ फार्मसी) सहा वर्षांचं, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. त्याला प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण लागतात.

फीची सवलत

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. अट एकच, पण फार महत्त्वाची: प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ही सवलत गेली. खुल्या प्रवर्गातल्यांना आठ लाखांच्या आत राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीत निम्मं शुल्क मिळतं, आणि वसतिगृहात राहणाऱ्यांना डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर, दरवर्षी नव्याने. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागतो आणि पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येतात, तेव्हा मुलीचं खातं आधारशी जोडलेलं आहे की नाही ते बँकेत जाऊन विचारून घ्या. वडिलांचं खातं इथे चालत नाही.